वाहतें रक्त आणि आवळलेला पट्टा

आज मी ज्या वस्तूचा इतिहास आपणांस सांगणार आहें, ती दिसावयास अगदीं क्षुद्र आहे. दोन बोटें रुंदीचा एक पट्टा, आणि तो पिळून घट्ट करण्यासाठीं एक वीतभर दांडी. इंग्रजींत हिला टुर्निकेट म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच असून फिरविणें, पिळणें हा त्याच्या धातूचा अर्थ आहे. मी आपल्यापुरता तिला आवळपट्टा म्हणतों. हातापायाची मोठी धमनी तुटून रक्ताची धार लागली म्हणजे जखमेच्या वरच्या बाजूस हा पट्टा आवळावयाचा आणि रक्त थांबवावयाचें, एवढेंच त्याचें काम.

परंतु हें काम किती मोलाचें आहे पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. मांडींतील मोठी धमनी सर्वस्वीं तुटली तर तें कांहीं मिनिटांतच इतकें वाहून जातें कीं प्राण राहात नाहीं. एवढ्या अवधींत वैद्य यावयाचा नसतो आणि इस्पितळ तर दूरच असतें. जवळ असतो तो एखादा वाटसरू, एखादा शेजारी, एखादा मास्तर. म्हणून आवळपट्ट्याचा इतिहास हा वैद्य येण्यापूर्वींच्या दहा मिनिटांचा इतिहास आहे. त्यांतील एका चुकींत माझाहि लहानसा वांटा आहे. तो भूषणावह नाहीं, तरी ओघांत मी तो सांगणार आहें.

आपल्याकडे सुश्रुताचार्यांनीं रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट औषधींनीं जखमेचीं तोंडें जुळविणें, थंड उपचारांनीं रक्त गोठविणें, भस्मानें तें सुकविणें, आणि शेवटीं डाग देऊन शिरांचीं मुखें आखडविणें असा त्यांचा क्रम आहे. पट्टा आवळण्याची कल्पनाहि सुश्रुतसंहितेंत आहे. पण ती सर्पदंशाच्या प्रकरणांत. दंशाच्या चार अंगुळें वर बंध बांधावा असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे विष वर चढूं नये म्हणून बंध, आणि रक्त वाहूं नये म्हणून औषध व अग्नि, अशी ती वांटणी होती. येथेंच एक इशारा देऊन ठेवतों: सर्पदंशावर असा घट्ट बंध बांधूं नये, असें आजचें वैद्यक सांगतें. त्यानें विष थांबत नाहीं, मात्र पाय गमावण्याचा धोका ओढवतो. आजचें माझें सर्व सांगणें वाहत्या रक्तापुरतें आहे.

युरोपांतहि कित्येक शतकें तापलेलें लोखंड आणि उकळतें तेल हेच रक्त थांबविण्याचे मुख्य उपाय होते. १५१७ सालीं हान्स फॉन गेर्सडॉर्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें रणांगणावरील शस्त्रक्रियेवर एक ग्रंथ छापला. पाय कापण्यापूर्वीं वरच्या बाजूस पट्टा घट्ट बांधावा असें त्यांत सांगितलेलें आढळतें. पुढें फ्रान्सच्या आंब्रवाझ पारे यानें १५५२ सालच्या एका वेढ्यांत डाग न देतां, तुटलेल्या धमन्या दोऱ्यानें बांधून पाय कापला. ही रीत कमी क्रूर होती. परंतु ती लवकर सर्वत्र पसरली नाहीं. त्याचें कारण उघड आहे. रक्ताच्या कारंजांत धमनीचें टोंक शोधून त्याला दोरा बांधावयाचा कसा? वरून प्रवाह अडल्यावांचून खालीं दोरा बांधण्यास उसंत नाहीं, आणि प्रवाह अडविणारें खात्रीचें साधन तर हातीं नव्हतें.

तें साधन मिळण्यापूर्वीं त्यामागचें तत्त्व समजावें लागलें, आणि तें समजाविलें विल्यम हार्वे यानें. १६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें रक्ताभिसरण सिद्ध केलें. त्याच्या पुराव्यांतील एक पुरावा म्हणजे दंडावर बांधलेली साधी पट्टी होय. पट्टी अतिशय घट्ट बांधली कीं मनगटाची नाडी लागत नाहीं आणि हात थंड पडत जातो. कारण खोल असलेली धमनीच दाबली जाते आणि हातांत रक्त येणेंच थांबतें. तीच पट्टी थोडी सैल केली कीं हात लाल होतो, फुगतो आणि शिरा टरारून वर येतात. धमनी मोकळी झालेली असते, रक्त आंत येत राहतें. परंतु वरवरच्या शिरा अजून दाबलेल्याच असल्यामुळें तें परत जाऊं शकत नाहीं. हार्वेनें यावरून काढलेला निष्कर्ष आपण शाळेंत शिकलों: रक्त धमन्यांतून जातें आणि शिरांतून परत येतें. पण दुसरा एक निष्कर्ष त्यांतच दडलेला आहे, आणि तो जखमेशेजारीं उभ्या असलेल्या माणसासाठीं आहे. अर्धवट आवळलेली पट्टी ही मुळींच न बांधलेल्या पट्टीपेक्षांहि वाईट. ती रक्ताला आंत येऊं देते, मात्र परतीचा मार्ग बंद करते; मग तें रक्त जखमेंतून अधिकच जोरानें बाहेर पडतें. श्रोतेहो, हें सूत्र कृपा करून ध्यानांत ठेवा. पुढें आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

१६७४ च्या उन्हाळ्यांत रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालूं असतां, चौदाव्या लुईच्या फौजेनें बेझांसाँ या शहरास वेढा घातला होता. त्या वेढ्यांत एतिएन मोरेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें जखमी शिपायाच्या पायाभोंवतीं पट्टी बांधून तिच्यांत एक काठी खुपसली व ती पिळली. युक्ति एवढीच! बाजेची सैल पडलेली दोरी दांडकें घालून पिळली कीं ताठ होते, हें आपल्याकडील कोणीहि जाणतो. नुसत्या हातानें कितीहि ओढली तरी पट्टी मांडीच्या जाड स्नायूंतून धमनीपर्यंत दाब पोंचवूं शकत नाहीं. काठीच्या पिळानें मात्र मनुष्याचें बळ कित्येक पटींनीं वाढतें. हार्वेचें तत्त्व आणि मोरेलची काठी यांचा संयोग झाला आणि आवळपट्टा खऱ्या अर्थानें जन्मास आला.

पण काठी धरून ठेवण्यास एक माणूस अडकून पडे. शिवाय पीळ किती द्यावा, किती सैल करावा, याला प्रमाण नव्हतें. १७१८ सालीं पॅरिसच्या झां लुई पेती यानें काठीच्या जागीं पेंचाचा स्क्रू बसविला. स्क्रू फिरविला कीं धमनीच्या नेमक्या जागीं दाब पडे, आणि हात काढला तरी तो टिकून राही. शस्त्रवैद्याला वाटेल तेव्हां अर्धा फेरा सैल करून धमनीचें टोंक कोठें आहे तें पाहतां येई आणि पुन्हां घट्ट करून दोरा बांधतां येई. दीडशें वर्षांपूर्वींच्या पारेच्या रीतीला जी उसंत हवी होती, ती पेतीच्या स्क्रूनें मिळवून दिली.

अशा साधनाचें मोल दोन सेनानींच्या कथांवरून कळतें. १७९७ च्या जुलैंत टेनेरिफच्या किनाऱ्यावर रात्रीच्या हल्ल्यांत नेल्सनच्या उजव्या हातास गोळी लागली. त्याचा सावत्र मुलगा जोसाया निस्बेट शेजारींच होता. त्या तरुणानें रुमाल घेऊन दंडाभोंवतीं घट्ट आवळला, नेल्सनला होडींत घातलें आणि जहाजावर पोंचविलें. तेथें हात कापावा लागला, पण प्राण वांचले. आणि आठ वर्षांनीं त्याच एका हाताच्या नेल्सननें ट्रफाल्गारची लढाई जिंकली. दुसरी कथा अमेरिकेच्या यादवी युद्धांतील. ६ एप्रिल १८६२ रोजीं शायलोच्या रणांगणावर दक्षिणेकडील सेनापति आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याच्या गुडघ्यामागें गोळी लागली. आपला शस्त्रवैद्य त्यानें थोड्याच वेळापूर्वीं इतर जखमींच्या, त्यांत शत्रूकडील जखमींच्याहि, शुश्रूषेसाठीं मागें ठेवला होता. बुटांत रक्त सांचत गेलें आणि जॉन्स्टन थोड्याच वेळांत गतप्राण झाला. त्याच्या खिशांत टुर्निकेट होतें, असें सांगतात. एकाजवळ नुसता रुमाल होता, पण तो आवळणारा जाणता हात शेजारीं होता. दुसऱ्याजवळ साधन होतें, पण तें वापरणारा कोणी नव्हता.

हा जाणता हात घरोघरीं तयार व्हावा, अशी तळमळ एका जर्मन शस्त्रवैद्यास लागली. त्याचें नांव फ्रीडरिख फॉन एस्मार्क. १८७३ सालीं त्यानें रबराची पट्टी प्रचारांत आणली आणि बोटांपासून वर गुंडाळीत नेऊन जवळजवळ रक्तहीन शस्त्रक्रिया करून दाखविली. परंतु त्याची खरी थोरवी मला दुसरींत वाटते. १८८२ सालीं त्यानें कील येथें सामान्य स्त्रीपुरुषांना प्रथमोपचार शिकविणारी संस्था काढली. इंग्लंडांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन १८७७ मध्येंच निघाली होती. तिच्याच परंपरेंतून पुढें आमच्या शाळांतील बालवीरांच्या हातीं त्रिकोणी पट्टी आली. इकडे शस्त्रक्रियागृहांत हार्वे कुशिंग यानें १९०४ मध्यें हवेनें फुगणारा पट्टा आणला. त्यांतील दाब मोजतां येई. तोच प्रकार सुधारून आजहि हाडांच्या शस्त्रक्रियेंत नित्य वापरला जातो.

येथवर कथा चढती आहे. यापुढें तिला उतार लागतो.

पहिल्या महायुद्धांत लक्षावधि जखमी खंदकांतून आले. पट्टे अरुंद होते, कित्येकदां नुसत्या दोऱ्या असत. जखमींना इस्पितळांत पोंचावयास तासच्या तास लागत, आणि घोंगडीखालीं दडलेला पट्टा विसरला जाई. मेलेला, काळा पडलेला पाय शस्त्रवैद्यापुढें येई आणि तो साहजिकच म्हणे, हें त्या पट्ट्याचें पाप. दुसऱ्या महायुद्धानंतरहि हीच भीति कायम राहिली. प्रथमोपचाराच्या पुस्तकांत नियम झाला: टुर्निकेट हा अगदीं शेवटचा उपाय, तो बांधलाच तर दर पंधरावीस मिनिटांनीं सैल करावा.

या न्यायांत एक मोठा दोष होता. पट्ट्यामुळें गेलेले पाय इस्पितळाच्या नोंदवहींत चढत. पट्ट्यावांचून गेलेले प्राण रणांगणावरच राहात, आणि त्यांची नोंद शस्त्रवैद्याच्या वहींत कधींच होत नसे. जें डोळ्यांपुढें येतें त्याचाच हिशेब आपण करतों, आणि जें येऊंच शकलें नाहीं त्याचा विसर पडतो.

आतां माझी गोष्ट सांगतों. मी खेडेगांवच्या शाळेंत मॅट्रिक शिक्षक होतों आणि स्काऊटचें पथक माझ्याकडे असे. पुस्तकांतील तो नियम मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. १९९१ सालीं ऊसगळिताच्या दिवसांत आमच्या गांवच्या वाटेवर एक भरलेली ट्रॉली उलटली आणि एका तरुण ऊसतोड्याचा पाय मांडीपाशीं चिरडला. लोक मला हांक मारीत आले. मास्तरांना येतें, अशी त्यांची समजूत. मीं माझें उपरणें त्याच्या मांडीला बांधलें. पण पाय जाईल या भीतीनें तें पुरतें आवळलें नाहीं, काठी तर घातलीच नाहीं. रक्त थांबण्याऐवजीं अधिकच वाहूं लागलें. जीपमध्यें घड्याळ पाहून पंधरा मिनिटांनीं मीं गांठ सैल केली. पुस्तकांत तसें होतें. तालुक्याचें इस्पितळ दिसूं लागलें तेव्हां तो शुद्धीवर नव्हता, आणि दारांत पोंचण्यापूर्वीं गेला. त्याची बायको ट्रॉलीमागूनच चालत आली होती. “मास्तरांनीं होईल तें केलें,” असें ती पुढें लोकांना सांगे. त्या वाक्याचें ओझें माझ्यावर आजतागाईत आहे. हार्वेची ती पट्टी मला ठाऊक होती; विज्ञानाच्या तासाला मीं ती फळ्यावर काढून दाखविली होती. पण एका पुस्तकांतील ज्ञान दुसऱ्या पुस्तकांतील नियमाशीं ताडून पाहावें, हें मला सुचलें नाहीं.

मजसारख्या खेडवळ मास्तराचीच ही गत होती असें नव्हे. व्हिएतनामच्या युद्धांत, दुसरी कोणतीहि मोठी जखम नसतां केवळ हातापायांतील रक्तस्रावानें अडीच हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले, असा हिशेब पुढें काढण्यांत आला. १९९६ सालीं अमेरिकन लष्करी वैद्यांनीं रणांगणावरील उपचारांचा नवा क्रम मांडला आणि त्यांत गोळीबार चालूं असतां टुर्निकेट हा शेवटचा नव्हे, तर पहिला उपाय ठरविला. २००५ च्या सुमारास एका हातानेंहि आपला आपल्याला आवळतां येईल असा पट्टा सैनिकांना देण्यांत येऊं लागला. त्याला पिळण्याची दांडी आहे, ती अडकविण्यास खांचा आहेत, आणि वेळ लिहिण्यास जागा आहे. मोरेलची काठीच ती. मात्र आतां तिला धरून बसावें लागत नाहीं.

यानंतर जें घडलें तें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. २००६ सालीं बगदाद येथील एका लष्करी इस्पितळांत जॉन क्रॅग या शस्त्रवैद्यानें सात महिने बारकाईनें मोजदाद केली. २३२ जखमी, ३०९ हातपाय आणि ४२८ पट्टे. रक्त फार जाऊन जखमी गलितगात्र होण्यापूर्वींच पट्टा बांधला असेल तर दहांतील नऊ वांचले. ती अवस्था आल्यावर बांधला तर दहांतील एक. आणि केवळ पट्टा बांधल्यामुळें कापावा लागला असा एकहि अवयव निघाला नाहीं. शंभर वर्षांची भीति मोजणीपुढें टिकली नाहीं.

ही शिकवण नगरवासीयांच्या कामीं आली ती १५ एप्रिल २०१३ रोजीं. बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतींत बाँबस्फोट झाले आणि अनेकांचे पाय उडाले. लोकांनीं कमरेचे पट्टे, फाटके कपडे, जें हातीं लागेल तें आवळलें. तयार पट्टे जवळपास नव्हतेच. पिळण्यास दांडी नसल्यानें त्यांतील बरेचसे बंध धमनी दाबण्याइतके घट्ट बसले नाहींत, असें पुढें नमूद झालें. इस्पितळें जवळ होतीं म्हणून निभावलें. त्यानंतर २०१५ सालीं अमेरिकेंत सामान्य नागरिकांना रक्त थांबविणें शिकविण्याची मोहीम सुरू झाली.

याच कुळांतील आणखी एका साधनाची कथा सांगितली पाहिजे. तिची वाट बरोबर उलटी आहे. १९०३ सालीं जॉर्ज क्राइल यानें, पाय व पोट हवेच्या दाबानें आवळून रक्त हृदयाकडे वळवावें म्हणून रबराचा एक पोशाख काढला. व्हिएतनामनंतर त्याच तत्त्वाची फुगणारी विजार अमेरिकेंतील रुग्णवाहिकांतून सर्रास वापरली गेली. तिच्यावर सर्वांचा विश्वास होता. १९८९ मध्यें ह्यूस्टन येथील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हां असें दिसलें कीं भोसकलेल्या व गोळी लागलेल्या जखमींना तिचा लाभ तर नाहींच, उलट अपाय संभवतो. आवळपट्टा न मोजतां टाकला गेला आणि विजार न मोजतां स्वीकारली गेली. दोन्ही चुकांचें मूळ एकच.

तरीहि ती कल्पना सर्वस्वीं वांया गेली नाहीं. हवा न भरतां, लवचिक कापडाच्या पट्ट्यांनीं घोट्यांपासून पोटापर्यंत हलका, समान दाब देणारा पोशाख तयार झाला. प्रसूतीनंतर अतोनात रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांवर त्याचा उपयोग सियालकोट येथील एका इस्पितळांत झाला आणि त्याचा वृत्तांत २००२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें आफ्रिकेंतील झांबिया व झिंबाब्वे या देशांत चाचणी झाली. तिचे आंकडे आशादायक निघाले, परंतु निर्णायक ठरण्याइतके नव्हेत. २०१२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें योग्य उपचार मिळेपर्यंतचा तात्पुरता आधार म्हणून त्याची शिफारस केली. ‘तात्पुरता आधार’ हे शब्द मला फार समर्पक वाटतात. अशीं सर्वच साधनें बरें करीत नाहींत; तीं फक्त वेळ मिळवून देतात. पण ज्या बाळंतिणीच्या वाटेवर घाट आहे, नदी आहे, तिला वेळ मिळणें म्हणजेच जीव मिळणें होय.

आतां थोडें व्यवहाराचें. बहुतेक जखमा स्वच्छ कापडानें जोरानें आणि सतत दाबून धरल्या कीं थांबतात. तेथें पट्ट्याची गरज नाहीं. हातापायांतून धार उडत असेल, दाबूनहि थांबत नसेल, अवयव तुटला असेल, तरच पट्टा. तो जखमेच्या दोनतीन इंच वर, सांध्यावर नव्हे. रुंद कापडाचा असावा, तार किंवा सुतळी नको. दांडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावा. वेदना होतील, त्यांना भिऊन सैल करूं नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, आणि तो वैद्यानेंच सोडावा. दोन तासांपर्यंत अवयवास सहसा कायमचा अपाय होत नाहीं. मान, छाती, पोट यांवर तो चालत नाहीं. जांघ व काख येथेंहि तो बसत नाहीं, तेथें कापड खोंचून दाबणें हाच उपाय. आणि पोलिसांच्या चौकशीच्या भीतीनें मागें सरूं नये. अपघातांत मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या नियमांस सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं बंधनकारक ठरविलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण मोटार वाहन कायद्यांतहि आलें.

श्रोतेहो, माझे जुने विद्यार्थी आतां चाळिशी-पन्नाशींत आहेत. कोणी एस्. टी. चालवितो, कोणी शेती करतो, कोणी आपल्यासारखा शहरांत स्थिरावला आहे. त्यांच्यापैकीं कोणी हें ऐकत असेल, तर त्याला मला एवढेंच सांगावयाचें आहे: टुर्निकेट शेवटचा उपाय आणि दर पंधरा मिनिटांनीं सैल करा, हा जो धडा मीं तुला पाठ करावयास लाविला होता, तो चुकीचा होता. तो मी आज परत घेत आहें. वेळ आली तर पट्टा बांध, काठी घाल, आणि रक्त थांबेपर्यंत पीळ.